चहाचे ग्रामण्य

१८९२ चा उन्हाळा. लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेल्या गाडीत पन्नाशीचे एक न्यायाधीश बसले आहेत. तळेगाव मागे पडते, मग चिंचवड येते. तेव्हाचे चिंचवड म्हणजे मोरया गोसावींची समाधी, देवांचा वाडा, पवनेचा घाट आणि भोवती शेते. रूळ पडून चौतीस वर्षे झाली होती, पण स्टेशनावर उतरणारा माणूस बहुधा गणपतीच्या दर्शनालाच आलेला असे. गाडीतले न्यायाधीश मात्र पुढे, पुण्याला चालले आहेत. तिथे त्यांना एका अपराधाचे प्रायश्चित्त घ्यायचे आहे. दीड-दोन वर्षांपूर्वी ते एका बैठकीला गेले होते आणि त्या बैठकीत चहा दिला गेला होता, हा तो अपराध.

हे न्यायाधीश म्हणजे महादेव गोविंद रानडे. शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कायद्याखाली नेमलेले विशेष न्यायाधीश, सार्वजनिक सभेचा कणा, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ. पुढच्याच वर्षी ते मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती होणार होते. लोणावळ्यात मागे राहिलेल्या रमाबाईंना नवऱ्याचे हे जाणे पटलेले नव्हते. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी ही सल लपवली नाही.

चहाची हकीकत मराठी वाचकाला ऐकून माहीत असते: टिळक-रानड्यांनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा प्यायला, सनातनी खवळले, प्रायश्चित्ते झाली. शाळेच्या पुस्तकात ती दोन ओळींत संपते आणि आपण हसून पान उलटतो. इतके हसण्यासारखे तिच्यात काही नाही, असे मला वाटत आले आहे. ज्यांनी चहा दिला त्यांच्याच धर्मग्रंथात, कोण कोणाबरोबर जेवला यावरून झालेली भांडणे पानापानांवर आहेत. आणि १८९० च्या पुण्याला त्या भांडणांचा अर्थ कळायला भाष्यकाराची गरज नव्हती.

पंचहौद म्हणजे आजच्या गुरुवार पेठेतला भाग. पाण्याच्या पाच हौदांवरून पडलेले नाव. ऑक्सफर्डजवळच्या काउली गावच्या अँग्लिकन साधूंच्या संघाने तिथे मिशन थाटले होते आणि १८८५ च्या सुमारास पवित्र नाम देवालय उभे केले होते. वाँटेजच्या मठातल्या भगिनीही त्यांच्याबरोबर पुण्यात काम करत होत्या. पंडिता रमाबाईंची त्यांच्याशी ओळख पुण्यातच झाली आणि १८८३ मध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. याच वर्तुळात वावरणारे आणखी एक वयोवृद्ध गृहस्थ होते, फादर नेहेम्या गोरे. हे मूळचे काशीचे नीळकंठशास्त्री गोरे. चित्पावन, न्याय-वेदान्तात मुरलेले, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले. तेव्हा मिशन म्हणजे सगळे साहेबच, असे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. पुण्याच्या ब्राह्मणाला तिथे आपल्याच घरातून उठून गेलेला माणूस भेटू शकत होता, आणि पेठांना धाक होता तो त्याचाच.

ऑक्टोबर १८९० मध्ये एका संध्याकाळी पुण्यातली चाळीस-पन्नास मंडळी मिशनमध्ये जमली. निमित्त व्याख्यानाचे. रानडे होते, चौतीस वर्षांचे बाळ गंगाधर टिळक होते, फर्ग्युसनमध्ये शिकवणारे चोवीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले होते. कार्यक्रम आटोपल्यावर यजमानांनी रीतीप्रमाणे चहा आणि बिस्किटे पुढे केली. काहींनी चहा घेतला. काहींनी कप हातात धरला, ओठांना लावल्यासारखे केले आणि खाली ठेवला. काही नुसते बसून राहिले. समोर आलेले नाकारावे तर यजमानाचा अपमान, घ्यावे तर जात जाणार. सभ्य माणसाची यापेक्षा मोठी पंचाईत नाही.

पंचाईत करणारा माणूसही मंडळीतच होता. बैठकीसाठी खटपट करणारे गोपाळराव जोशी यांनी नंतर हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्राच्या हाती दिली. नावे छापून आली आणि पेठांमध्ये आग लागली.

गोपाळराव हे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान. इथे मला नेहमी थांबावेसे वाटते. याच माणसाने १८७८ मध्ये कोल्हापूरच्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिले होते, की बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, मदत करा. ते पत्र एका मिशनरी मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांनी ते वाचले, आणि अठरा वर्षांची एक ब्राह्मण मुलगी १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडून त्यांच्या घरी उतरली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. परक्या धर्माच्या घरात त्या नऊवारी नेसून राहिल्या, आपले शाकाहारी अन्न स्वतः रांधून खात राहिल्या, आणि त्या घराने त्यांचे हे सगळे सांभाळले. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्याच्या बायकोला ख्रिस्ती बाईने लेकीसारखे वागवले, त्याच गोपाळरावांनी साडेतीन वर्षांनी ख्रिस्ती घरच्या चहाचा सापळा केला. सुधारकांचे ढोंग उघडे पाडायचे होते म्हणतात. घरात एक आणि सभेत दुसरे बोलणाऱ्यांची त्यांना चीड होती, आणि चीड अगदीच खोटी नव्हती. पण आतिथ्याचे हत्यार करणारा माणूस विक्षिप्त होता एवढे म्हणून मला त्याला सोडवत नाही.

चहात एवढे काय होते? आजच्या माणसाला समजायला जड जाते, म्हणून थोडे मागे जाऊ. जात दोन दोरांनी बांधलेली होती, रोटी आणि बेटी. बेटीचा दोर एखाद्या पिढीत एकदा-दोनदा ताणला जाई. रोटीचा दररोज दोनदा. कोणाच्या हातचे शिजवलेले चालते, कोणाचे फक्त तळलेले चालते, कोणाचे पाणी चालते, कोणाच्या ओळीला बसायचे, हे नियम लिहून ठेवावे लागत नसत. पानाभोवती पाण्याचे मंडल काढून आपोशन घेतले की जेवणारा इतरांपासून वेगळा काढला जाई. अन्न म्हणजे शरीराचा भाग होणारी वस्तू. त्यामुळे दुसऱ्याचे अन्न खाणे म्हणजे त्याला अंगात घेणे. मिशनरी धर्म शिकवत, तो वादात परतवता येई. पण मिशनऱ्याचे अन्न पोटात गेले की वाद संपला.

याचा पुरावा पुण्याच्या चहाआधी जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी मुंबईत मिळाला होता. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री नावाच्या तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला होता. बारा वर्षांचा पोर. वडिलांनी कोर्टात जाऊन त्याला परत आणले. आता प्रश्न असा, की हा मुलगा ब्राह्मण उरला का? बाप्तिस्मा झालेला नव्हता. पण मिशनमध्ये राहिला म्हणजे तिथले जेवला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे असा आग्रह धरला, आणि त्या आग्रहापायी बहिष्काराची झळ त्यांनाही सोसावी लागली. थोरला नारायण पुढे जालन्याजवळ मांग समाजातल्या ख्रिस्ती झालेल्यांमध्ये जाऊन राहिला, त्यांचे बेथेल नावाचे गाव वसवले. धाकट्याच्या चार घासांवरून मुंबईचे शास्त्री भांडत होते आणि थोरल्याचा संसार सगळ्या पंगती सोडून निघाला होता.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली, तिच्या सभासदांनीही अन्नाचीच परीक्षा ठेवली. सभेत येणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. पाव हा जात मोडल्याचा दाखला. मात्र सगळे गुपचूप. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विरघळून गेली. बाबा पदमनजी याच सभेत वावरले होते, ते १८५४ मध्ये उघडपणे ख्रिस्ती झाले. बाकीचे बहुतेक आपापल्या घरी सोवळ्यात परतले. बंद दाराआड पाव खाणाऱ्यांची यादी आणि उघड्या दिवाणखान्यात चहा पिणाऱ्यांची यादी, यांत तीस वर्षांचे अंतर आहे. पण महाराष्ट्राला बंडखोर मोजायला यादीच लागते, हे दोन्ही वेळा दिसले. (बिस्किटांचे म्हणाल तर शतकाच्या शेवटी, १८९८ मध्ये, दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली. उच्चवर्णीयांच्या हातची बिस्किटे असल्याची ग्वाही हेच तिचे भांडवल.)

आता शुभवर्तमानांकडे वळू. पंचहौदाच्या देवालयात दर रविवारी वाचल्या जाणाऱ्या या चार पुस्तकांतला येशू, विशेषतः लूकने रंगवलेला, सदान्‌कदा कुठल्या तरी जेवणाला निघालेला असतो, जेवत असतो किंवा जेवून उठत असतो. त्याच्यावरच्या आरोपांची यादी केली तर देवनिंदेच्या बरोबरीने दुसरा आरोप येतो तो पंक्तीचा. हा जकातदारांबरोबर जेवतो. पापी लोकांच्या ओळीला बसतो. त्याला खादाड म्हटले गेले, दारूबाज म्हटले गेले. जकातदार म्हणजे रोमी सरकारचा वसुलीचा मक्तेदार. स्वकीयांना लुबाडून परकीयांची तिजोरी भरणारा. त्याला शिवणे टाळले जाई. येशू लेवी नावाच्या अशा माणसाला नाक्यावरून उठवतो आणि त्याच दिवसाच्या गोष्टीत त्याच्या घरी पंगतीला बसलेला दिसतो. यरीहोत तर तो बोलावण्याचीही वाट पाहत नाही. गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेल्या बुटक्या जक्कयाला तो खालून हाक मारतो आणि सांगतो, की आज मुक्काम तुझ्याकडे. गाव कुरकुरतो. कुरकुर कशाबद्दल, तर उपदेशाबद्दल नव्हे. त्या घरचा पाहुणा झाल्याबद्दल.

हे वाचून लंडनमधल्या वाचकाला येशूच्या दयेचे कौतुक वाटत असेल. बुधवार पेठेतल्या वाचकाला मात्र आधी परूशांचे म्हणणे पटले असते. परूशी म्हणजे दुष्ट माणसे नव्हेत. भांड्यांची, हातांची, पानाची शुद्धी मनापासून पाळणारी, धर्म जगणारी माणसे. देवळातले सोवळे त्यांनी रोजच्या घरच्या जेवणात आणले होते. असा माणूस पुण्यातल्या कोणत्याही वाड्यात भेटला असता. शिमोन नावाच्या परूशाने येशूला जेवायला बोलावले, पण पाय धुवायला पाणी दिले नाही. गावात बदनाम असलेली एक बाई आत शिरून आसवांनी त्याचे पाय भिजवते आणि येशू यजमानाला त्या न दिलेल्या पाण्याची आठवण करून देतो. हा टोमणा मराठी घराला लगेच कळतो. दारात आलेल्याला पाय धुवायला पाणी न देणारे घर कसले?

मराठी भाषांतरकारांनी एक गोष्ट फार शहाणपणाने केली. येशूच्या हातात त्यांनी पाव दिला नाही, भाकर दिली. पाच भाकरी आणि दोन मासे, रोजची भाकर, भाकर मोडणे. पाव हा शब्द तेव्हा बाटवणारा होता. भाकर घरची होती. पुस्तकात भाकर आली, पण मिशनच्या मेजावर चहा-बिस्किटे राहिली.

माझा खरा आक्षेप त्या मेजाबद्दलच आहे. शुभवर्तमानांतला येशू बहुतेक वेळा यजमान नसतो, पाहुणा असतो. त्याला घर नाही. तो दुसऱ्याच्या चुलीवरचे खातो, म्हणजे ओवळे व्हायचा धोका तो स्वतः पत्करतो. योहानाने सांगितलेली विहिरीची गोष्ट पाहा. दुपारची वेळ, दमलेला येशू, विहिरीवर आलेली शोमरोनी बाई. यहुदी शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. येशू तिला पाणी देत नाही, पाणी मागतो. ती चकित होते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावकुसाबाहेरच्या बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. उच्च जातीचा माणूस तिच्या घागरीतले पाणी मागतो आहे, हे अघटितच. पंचहौदाच्या चहात सगळा धोका पाहुण्यांच्या वाट्याला होता. यजमान आपल्या मेजावर, आपल्या सत्तेच्या छायेत निर्धास्त होता. उलटा प्रसंग घडूच शकत नव्हता असेही म्हणता येईल, कारण रविवारी येशूची भाकर मोडणाऱ्या त्या साधूला पेठेतल्या वाड्यात कोणी माजघरापर्यंत येऊ दिले नसते. पण मग त्या संध्याकाळी जे झाले ते सहभोजन नव्हते. ती मेजवानी होती, आणि मेजवानीला कोण होते, तर पेठांमधले प्रतिष्ठित. गावकुसाबाहेरचे त्या यादीत नव्हते. ‘पुणे वैभव’ला त्यांची नावे छापायची गरजही नव्हती.

पाणी मागण्याची नसली तरी पाणी देण्याची एक गोष्ट पंचहौदापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडून गेली होती. गंज पेठेत जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पुण्याच्या ख्रिस्ती शाळेत शिकलेला हा माणूस कधी ख्रिस्ती झाला नाही, पण मिशनऱ्यांच्या मेजापेक्षा त्या हौदाचे दगड शोमरोनच्या विहिरीला जवळचे होते. चहाची संध्याकाळ झाली तेव्हा जोतीराव पक्षाघाताने जर्जर होऊन त्याच घरात पडून होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. त्यांच्या मागे १८९१ मध्ये छापल्या गेलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एका कुटुंबाची कल्पना आहे, जिथे बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होऊनही सगळे एका घरात प्रेमाने राहतात. अशा घरात चूल एकच असणार. त्या वर्षी पुणे मात्र कपबशीच्या हिशेबात गुंतले होते.

त्याच नोव्हेंबरात पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्याला आले. त्यांनी सदनातल्या हिंदू विधवांसाठी स्वयंपाकाची सोय वेगळी ठेवली होती, प्रत्येकीला आपले सोवळे पाळायची मुभा होती. वाँटेजला असताना अंडे घातलेल्या पुडिंगवरूनही त्यांचा गुरुभगिनींशी पत्रव्यवहार झाला होता. ख्रिस्ती झाले म्हणून जीभ इंग्रज करणार नाही, असा त्यांचा हेका. पण वेगळ्या चुलीनेही सदनावरचा संशय गेला नाही. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

आता ग्रामण्य. हा शब्द आपण विसरत चाललो आहोत. ग्रामण्य म्हणजे जातीने जातीतल्या माणसावर चालवलेला खटला. फिर्यादी जात, न्यायाधीश जात, आणि शिक्षा म्हणजे जातीबाहेर. सरदार बाळासाहेब नातूंसारखे सनातनी पुढारी पुढे झाले, फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली आणि चौकशीसाठी शास्त्र्यांचे मंडळ पुण्यात आले. कोण नुसते गेले, कोणी कप हातात घेतला, कोणी प्यायला, याची तोलूनमापून छाननी झाली. यावर हसू येते खरे. पण त्याच वेळी, १८९१ च्या मार्चमध्ये, संमतिवयाचा कायदा झाला होता आणि पुणे आधीच दुभंगलेले होते. कपबशीच्या निमित्ताने दोन्ही बाजू जुने हिशेब चुकते करत होत्या.

टिळकांनी चहा घेतल्याचे नाकारले नाही. त्यांनी शास्त्राच्या मैदानावर लढत दिली. काशीला जाऊन आपण सर्वप्रायश्चित्त घेतले आहे, सगळ्या पापांबरोबर हेही धुऊन निघाले, असा त्यांचा पवित्रा. वकिली म्हणून चोख. आगरकरांच्या ‘सुधारका’ला तो किती रुचला असेल, हे वेगळे सांगायला नको. सनातन्यांचेही समाधान झाले नाही. टिळकांच्या घरच्या मंगलकार्याला भटजी मिळेना, आचारी मिळेना. अन्नाच्या गुन्ह्याची शिक्षाही अन्नातूनच यायची, कारण जात माणसाला तुरुंगात टाकत नाही, त्याच्या घरी जेवायला येत नाही, एवढेच करते. तेवढ्याने लग्न अडते, श्राद्ध अडते, माहेरी गेलेली लेक अडकून पडते. ज्यांच्याकडे टिळकांची हिंमत किंवा रानड्यांचा हुद्दा नव्हता, त्यांच्या घरांत दोन वर्षे ही घुसमट चालली. म्हातारे आईबाप मुलाच्या हातचे पाणी घ्यायला कचरत. चहा घेणाऱ्याला शिक्षा झाली ती घरातल्या त्या माणसांच्या तोंडून, ज्यांनी कपाला हातही लावला नव्हता.

रानड्यांना लोणावळ्याहून पुण्याला ओढून आणले ते याच घरांनी. त्यांना स्वतःला बहिष्काराची धास्ती नव्हती. पण बरोबरच्या मित्रांची कुटुंबे रडकुंडीला आली होती. एकटे रानडे ताठ राहिले असते तर मित्रांचे प्रायश्चित्त अधिकच लाजिरवाणे ठरले असते. म्हणून त्यांनी मित्रांबरोबर प्रायश्चित्त घेतले. सुधारक चिडले. नेताच वाकला तर आम्ही कोणाच्या बळावर उभे राहायचे? रमाबाईंच्या मनातही हाच सवाल होता.

असाच सवाल पहिल्या ख्रिस्ती पिढीतल्या पौलाने येशूच्या शिष्याला, पेत्राला, विचारला होता. अंत्युखिया शहरात पेत्र यहुदी नसलेल्या नव्या बंधूंबरोबर निःसंकोच जेवत असे. मग यरुशलेमहून कर्मठ मंडळी आली आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठला. पौलाने त्याला भर सभेत सुनावले. गालतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलानेच हे नोंदवले आहे, आणि ख्रिस्ती इतिहासातले हे पहिले मोठे भांडण पंक्तीवरून झाले, हे पंचहौदाच्या साधूंनाही माहीत असणार. तेव्हा रानड्यांना पेत्र म्हणून मोकळे व्हावे का? पण तोच पौल करिंथकरांना लिहिताना वेगळे बोलतो: आपल्या खाण्याने दुर्बळ भाऊ अडखळणार असेल तर आपण ते खाणेच सोडू. रानडे अंत्युखियाच्या पत्रात दोषी ठरतात आणि करिंथच्या पत्रात निर्दोष सुटतात. मी त्यांना करिंथच्या पत्राने तोलतो. त्यात त्यांचा पराभव झाला नाही असे मात्र नाही, आणि ज्या बायकोला त्यांनी वाचायला-लिहायला शिकवले तिने तो पराभव टिपून ठेवला.

मराठी वाचकाला इथे एकनाथ आठवावेत. पैठणच्या नाथांनी श्राद्धाचे अन्न महारांना वाढले, त्यांच्या घरी जेवायला गेले, आणि ब्राह्मणांनी त्यांना प्रायश्चित्त सांगितले, अशा कथा महीपतीने सांगितल्या आहेत. नाथ वाकले आणि पुन्हा तसेच वागले. भागवत धर्माची ही वाट नारायण वामन टिळकांना ठाऊक होती; तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते म्हणत. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. पुढे नवराबायको पुन्हा एकत्र आली, तरी लक्ष्मीबाईंची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. नवऱ्याने खाण्याची सक्ती केली नाही. मग एके दिवशी बाईंनी स्वतःशी प्रश्न केला, की ही जात देवाने केली की माणसाने, आणि उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. आधी जेवण बदलले, बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये, झाला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आठवणींतली ही चूल-बदलाची पाने मला त्यांतल्या साऱ्या धर्मचर्चेपेक्षा मोलाची वाटतात, कारण तिथे कोणी कोणाला मेजवानी दिलेली नाही आणि कोणाची यादी छापलेली नाही.

पुण्याच्या वेशीवरचा पट्टा तेव्हा या सोवळ्या-ओवळ्याच्या वादापासून दूर होता असे समजू नये. सुधारकांवर दात धरून असलेले चापेकर बंधू चिंचवडचेच. आणि चिंचवडच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, पलीकडे चाकण. ज्येष्ठात या रस्त्यांवरून दोन पालख्या निघतात. काल्याच्या दिवशी दहीपोह्यांचा काला एकमेकांच्या तोंडात भरवायचा, हा वारकऱ्यांचा प्रभुभोजनासारखा विधी; उष्टे चालते, नव्हे उष्टेच हवे असते. तरीही इरावती कर्वे आळंदीहून ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालल्या तेव्हा त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे भजन एकत्र करत आणि जेवण वेगवेगळे. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी ही खंत नोंदवली, आणि आपण दोन्हीकडे जेवल्याचेही. स्वातंत्र्यानंतरची ही हकीकत आहे, चहाला साठ वर्षे होत आली होती.

त्याच सुमारास, १९५४ मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. मग टेल्को, बजाज, आणि शतक पालटताना चाकण. कोकण, मराठवाडा, केरळ, बिहार इथून माणसे आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमात शेहेचाळीसावे कलम होते: अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कँटीन हवे. त्या कलमात जात नव्हती, धर्म नव्हता, सोवळे नव्हते. शिफ्टचा भोंगा होतो, हात धुतले जातात, स्टीलच्या ताटांची चळत खाली खाली येते. ओळीत पुढचा कोण, मागचा कोण, हे विचारायला वेळ नसतो. अर्ध्या तासात परत मशीनवर उभे राहायचे असते. आणि संध्याकाळी हीच माणसे भाड्याची खोली शोधायला निघतात तेव्हा घरमालक सगळ्यात आधी विचारतो, की तुमच्याकडे काय शिजते.